काच परत गेली तरच उपयोग

वर एकांनी लिहिलंय की लोणचं, सॉस, तेल काचेच्या बाटलीत घेतलं की पर्यावरणाचा प्रश्न मिटला. लोणच्यापुरतं अगदी मान्य. मीठ, तेल, आंबट यांचा काचेवर परिणाम होत नाही, ती वास धरत नाही, तिच्यातून हवाही आत जात नाही.

पण एकदा वापरून फेकायची असेल तर काचेचा हिशोब बिघडतो. वाळू, सोडा अ‍ॅश आणि चुनखडी वितळवायला भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. शिवाय काच जड, म्हणजे ट्रकला डिझेलही जास्त. खरा फायदा तीच बाटली धुऊन पुन्हा पुन्हा भरण्यात आहे. मुंबईत आरेच्या दुधाच्या बाटल्या अशाच फिरायच्या, गोटी सोड्याच्याही. जर्मनीत बिअरच्या बाटलीवर आजही अनामत घेतात, म्हणून ती दुकानात परत येते. आपल्याकडे भंगारवाले काच घ्यायला नाखूश असतात. वजन फार, भाव कमी, फुटण्याची भीती वेगळीच.

आमच्या इथला लाकडी घाणेवाला घरची बाटली नेली तर तेल भरून देतो. तुमच्या भागात असं कोणी असेल तर इथे जरूर लिहा.