लिमिट होल्डेम: एकरंगी एक्का कुठून खेळावा?

इस्पिकवेडा:
नऊ जणांच्या टेबलवर लिमिट होल्डेम खेळतो, म्हणजे ठरलेल्या आकाराच्या बेटचं पोकर: हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. हातात एक्का आणि त्याच रंगाचं कुठलंही पान आलं की टाकवत नाही. काल बदाम एक्का-सत्तीवर सुरुवातीच्याच जागेवरून (जिथे आधी बोलावं लागतं) रेझ केलं, म्हणजे बेट वाढवली. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं) एक्का-नव्वी-तिर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. रिव्हरपर्यंत (पाचवं, शेवटचं पान) कॉल करत, म्हणजे समोरच्याइतकीच बेट भरत बसलो. समोर एक्का-राणी निघाली. कोणती पानं कुठून खेळू?

शेवटचीखुर्ची:
बसलात रंगासाठी आणि बुडालात एक्क्यापायी. नेहमीचंच आहे हे. फ्लॉपलाच पुरा फ्लश (पाच पानं एका रंगाची) साधारण 119 वेळांत एकदा लागतो, चार पानं एका रंगाची नऊ वेळांत एकदा. एरवी तुमच्याकडे काय, तर एक्का आणि सत्तीचा किकर (जोडी सारखीच निघाली तर निकाल ठरवणारं सोबतचं पान).
एक्का-राजा, एक्का-राणी कुठूनही रेझ. एक्क्यासोबत नव्वी किंवा खालचं पान असेल तर सुरुवातीच्या जागांवरून सरळ फोल्ड, टाकून द्या. बटनजवळ (फ्लॉपनंतर शेवटी बोलणारी जागा) असाल आणि आधी तीन-चार जण नुसते कॉल करून आत आले असतील, तर दुर्रीसुद्धा चालेल.

नुसताप्रेक्षक:
छक्कीपेक्षा पंजी बरी बरं का. एक्का ते पंजी सीक्वेन्स लागू शकतो.

इस्पिकवेडा:
आणि बटनवर माझ्यापर्यंत सगळे फोल्ड झाले तर?

शेवटचीखुर्ची:
मग रंग विसरा. समोर फक्त दोन ब्लाइंड (पानं न बघता सक्तीची बेट भरणारे), एक्का पुरेसा आहे. रेझच करा, कॉल नको.

वजाबाकी:
फ्लॉपनंतरचं कुणी बोललंच नाही. चार पानं एका रंगाची झाली की न दिसलेल्या 47 पानांत तुमची 9. रिव्हरपर्यंत फ्लश लागायची शक्यता सुमारे 35 टक्के. तिघे सोबत येणार असतील तर पॉटमध्ये (मधल्या ढिगात) पडणाऱ्या दर बेटमधला तुमचा खर्च चौथा हिस्सा आणि जिंकण्याची संधी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. (बोर्डावर जोडी असेल तर जरा जपून, फुल हाउसची भीती, म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी; ते फ्लशला हरवतं.) तिथे रेझ करायचं! बहुतेक जण नेमके इथे गप्प कॉल करतात आणि एक्का जुळला की जोर दाखवतात.
लिमिटमध्ये एका फ्लशवर समोरच्याचा अख्खा ढीग येत नाही. टर्न-रिव्हरला (चौथ्या-पाचव्या पानावर) ठरलेल्या आकाराच्याच बेट मिळतात. म्हणून आत शिरायचं ते स्वस्तात आणि गर्दी असतानाच.

इस्पिकवेडा:
आज किलवर एक्का-चौकी, ब्लाइंडनंतरची पहिलीच जागा. तुमचं ऐकून टाकली. फ्लॉपला तिन्ही किलवर.

शेवटचीखुर्ची:
पडू देत. उद्याही टाका.