जागतिक संस्थांना कोटी कोटी, आणि आमच्या गोठ्यापर्यंत डॉक्टर येत नाही. हा पैसा नक्की कुणासाठी?

गोठेवाला_निफाड:
थोडं मोठं लिहितोय आणि चिडून लिहितोय, चुकलं तर सांगा.

2022 च्या लम्पी या गुरांच्या रोगाच्या साथीत माझी एक एचएफ (होल्स्टीन, परदेशी दुभत्या जातीची) गाय गेली, दुसऱ्या वेताची, सोळा लिटर देणारी. पहिल्या दिवशी दूध निम्म्यावर आलं, मग अंगावर सुपारीएवढ्या गाठी, पुढचे पाय सुजले आणि पाचव्या दिवशी बसली ती परत उठलीच नाही. बायको दोन्ही वेळा हळदीचं पाणी लावत होती, बाजरीची भाकरी तोंडाशी धरत होती. डॉक्टरांना फोन लावत होतो पण त्यांच्याकडे तीन दवाखान्यांचा चार्ज, ते तरी कुठे कुठे पळणार, त्यांना दोष देत नाही. लस आली तेव्हा गाठी येऊन आठ दिवस झालेले. नंतर सरकारने दुभत्या जनावराला 30,000 दिले, मलाही मिळाले, ते नाकारत नाही, पण तेवढ्यात तशी गाय येत नाही हे गोठ्यातल्या कुणालाही विचारा.

मध्यंतरी वाचलं की जागतिक बँकेकडच्या पँडेमिक फंडाने (साथरोगांच्या तयारीसाठीचा निधी) 2023 ला भारताला जनावरांच्या आरोग्यासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर केले. त्याआधी 2019 ला केंद्राची लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (जनावरं गाभडतात तो रोग) यांच्यासाठीची 13,343 कोटींची योजना. त्यात कानाला बारा आकडी पिवळा बिल्ला मिळाला. पॅरिसला जनावरांच्या आरोग्याची एक संस्था, रोमला अन्न-शेतीची एक, जिनिव्हाला माणसांच्या आरोग्याची एक, सगळे मिळून ‘वन हेल्थ’ म्हणतात, म्हणजे माणसाचं आणि जनावराचं आरोग्य एकत्र बघायचं. माझं सरळ म्हणणं आहे, हे सगळं थांबवा आणि आधी तालुक्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरा.

सार्वजनिक_आरोग्य_म्हसरूळ:
दादा गाय गेली त्याचं खरंच वाईट वाटलं. पण जागतिक संस्था थांबवा हे पटत नाही आणि लम्पीचंच उदाहरण घेते.

लम्पी पहिल्यांदा 1929 ला झांबियात दिसला. कितीतरी वर्षं आफ्रिकेतच होता, 1988 ला इजिप्तमध्ये आला, 2013 ला तुर्कस्तानात, 2015-16 ला ग्रीस-बल्गेरियाकडे. मग 2019 ला बांगलादेश आणि त्याच वर्षी आपला ओडिशा, आणि ऑगस्ट 2022 ला महाराष्ट्रातली मोठी साथ जळगावच्या रावेर भागातून सुरू झाली. हा प्रवास कळला कारण प्रत्येक देशाला असा रोग निघाला की पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेला कळवावं लागतं. ही नोंद नसती तर शेजारच्या देशात काय चाललंय ते आपल्याला जनावरं मरायला लागल्यावरच कळलं असतं. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यावर पसरणारा रोग आहे हा, तालुक्यात कितीही डॉक्टर भरले तरी सीमेवर तो अडत नाही.

गोठेवाला_निफाड:
ताई, यादी बरोबर असेल. पण मग तुमच्याच यादीतून सांगा, ग्रीस-बल्गेरियात त्याचं काय झालं?

सार्वजनिक_आरोग्य_म्हसरूळ:
तिकडे थांबला. युरोपियन युनियनने लसीचा साठा आधीच करून ठेवला होता, तिथून लगेच डोस गेले आणि सगळ्या भागात सरसकट लसीकरण केलं, दोन-तीन वर्षांत रोग आटोक्यात.

गोठेवाला_निफाड:
हेच तर! त्यांच्या गाईंसाठी लस आधीच फ्रीजमध्ये, आणि आमच्याकडे 2019 ला रोग देशात शिरला, 2022 पर्यंत तीन वर्षं हातात होती, तरी आम्हाला मिळाली शेळ्यांच्या देवीची लस. कळवलं सगळ्यांनी सगळ्यांना, पण साठा कुणी केला? माहिती पॅरिसला पोचली आणि औषध निफाडला पोचलं नाही, हा माझा मुद्दा आहे.

सिन्नरचा_भाऊ:
+1. आमच्याकडे बैलबाजार बंद, पोळ्याला बैल बाहेर काढायची सोय नाही. कागदावर सगळं होतं.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक:
गोठेवाले दादा, मी तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच इगतपुरी-पेठ पट्ट्यात, त्यामुळे रिकाम्या जागांचं दुखणं मला सांगू नका, ते मी भोगलंय. तरी तुमच्या “थांबवा” या शब्दाला माझा विरोध आहे आणि का ते नीट सांगतो, वेळ असेल तर वाचा.

बुळकांडी हा शब्द आता तिशीच्या आतल्या पोरांना माहीत नाही. माझ्या वडिलांच्या दावणीला चार डांगी बैल होते, एका पावसाळ्यात चारही गेले. डोळ्यांतून पाणी, तोंडात कोंडा लावल्यासारखे फोड, मग पाण्यासारखी हगवण, आठवडाभरात सगळं संपलं. वडिलांनी पुढची दोन वर्षं दुसऱ्याच्या बैलांनी अर्धलीने शेती केली. हा रोग आज पृथ्वीवर नाही. 2011 ला जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर संपवलेला हा दुसरा आणि जनावरांतला पहिला रोग.

आणि ती पॅरिसची संस्था निघाली कशी माहितीये का? 1920 साली आपल्या भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची जनावरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली आणि तिथे बुळकांडी फुटली. सगळा युरोप घाबरला. त्यातून 1924 ला 28 देशांनी एकत्र येऊन ही संस्था काढली. म्हणजे तिच्या मुळाशी आपलीच जनावरं आहेत. रोगाला पासपोर्ट लागत नाही हे त्यांना आपल्यामुळे कळलं.

आता पैशाचं. आपल्याकडे बुळकांडी निर्मूलनाच्या शेवटच्या टप्प्यात, 1990 च्या दशकात, युरोपचा पैसा होता. त्यातून लस थंड ठेवायची शीतसाखळी, गाड्या, प्रयोगशाळा झाल्या. पण गावोगाव जाऊन “गेल्या पावसाळ्यापासून डोळ्यातून पाणी आणि हगवण असं जनावर मेलं का हो” हे विचारायला आम्हीच होतो. मी स्वतः सायकलवर जाऊन पाड्यावर पाटलाच्या ओट्यावर बसून लिहून घेतलंय. देशात 1995 ला शेवटची लागण, त्यानंतर लस बंद करून नुसती पाळत ठेवली, आणि 2006 ला भारत मुक्त म्हणून मान्यता मिळाली. अकरा वर्षं “काही नाही सापडलं” असा रिपोर्ट लिहायला पगारी माणूस लागतो दादा. तो परदेशी पैशातून मिळत नाही, तो सरकारनेच ठेवावा लागतो. म्हणून म्हणतो दोन्ही पाहिजे, एक तोडून दुसरं मागू नका.

गोठेवाला_निफाड:
काका, हे माहीत नव्हतं. आजोबा बुळकांडीचं नाव घ्यायचे, शिवी वाटायची ती आम्हाला.

पण तुम्हीच म्हणालात की तो माणूस सरकारने ठेवावा लागतो. तो आज ठेवलेला नाही.

हरसूल_पट्टा:
मी वेगळ्या बाजूने बोलतो. आमच्याकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा केलीये, वनविभाग आणि गावकरी मिळून. लहानपणी आभाळात शंभर-शंभर गिधाडं असायची, मग एकदम गायब झाली, म्हातारी माणसं म्हणायची देवाने नेली.

कारण निघालं 2004 ला. अमेरिकेतल्या एका ना-नफा संस्थेच्या डॉक्टरांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं चिरून बघितली, मूत्रपिंडं निकामी, आणि दोष जनावरांना दुखण्यावर देतात त्या डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनचा. मग त्याऐवजी मेलोक्सिकॅम हे दुसरं दुखण्यावरचं औषध चालतं का याच्या चाचण्या झाल्या, त्यात दक्षिण आफ्रिका होती आणि आपली बरेलीची पशुवैद्यक संशोधन संस्था पण होती, आणि 2006 ला भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. म्हणजे शोध एकाचा, चाचणी दुसऱ्याची, बंदी सरकारची, आणि मेलेला बैल उचलून डोंगरावर नेणारे आम्ही. यातलं एक जरी काढलं तर काहीच झालं नसतं.

गिधाडं गेल्यावर ते मांस कुत्र्यांनी खाल्लं, कुत्री वाढली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

पंचवटी_रहिवासी:
कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर बोलतो, रागावू नका. सकाळी गोदाघाटावर फिरायला जायला भीती वाटते. या परदेशी पैशावर चालणाऱ्या प्राणीप्रेमी संस्थाच कुत्री हटवून शेल्टरमध्ये ठेवू देत नाहीत. त्यांना माणसाच्या जिवाची किंमत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

सुरगाण्याची_सिस्टर:
दादा तुमची भीती खरी आहे, पण गोव्याचं बघा ना. तिथे मिशन रेबीज नावाच्या संस्थेने राज्य सरकारबरोबर 2013 पासून काम सुरू केलं, मोठ्या जाळ्या घेऊन गल्लीगल्लीत कुत्री पकडून रेबीजची लस टोचली, फोनवर नोंद, लाखाच्या घरात कुत्री वर्षाला. 2021 ला गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, तीन वर्षं एकही माणूस दगावलेला नव्हता. शंभरातली सत्तर कुत्री टोचलेली असली की साखळी तुटते. नुसती हटवली तर रिकाम्या जागेत बाहेरची, न टोचलेली येतात.

मी पाड्यावर एका सहा वर्षांच्या मुलाला बघितलंय. चावून महिना झालेला, आईने जखमेवर मिरची पूड लावून फडकं बांधलेलं, आणि तो पाण्याच्या ग्लासकडे बघून मान फिरवत होता. ही लक्षणं दिसल्यावर काहीच करता येत नाही, कुठल्याच दवाखान्यात. साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा, लगेच लस घ्या, जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत टोचतात ते सिरमही घ्या, हे एवढं त्या आईला कुणी आधी सांगितलं असतं तर. जगात वर्षाला साधारण 59,000 माणसं रेबीजने मरतात, त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त आपल्या देशात. सरकार असो की संस्था, मला फरक पडत नाही, जो कुत्र्याला टोचेल तो माझा.

पंचवटी_रहिवासी:
सिस्टर, मुलाचं वाचून सुन्न झालो. शेल्टर पाहिजेच हे माझं मत कायम आहे, पण लसीला विरोध नाही.

गोठेवाला_निफाड:
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. “थांबवा” हा शब्द मागे घेतो, बुळकांडीचं ऐकून तो चुकीचाच वाटतोय. पण एवढं बोलणारच, योजनेतला पैसा गाडी, फ्रीज, अ‍ॅप यावर दिसतो आणि त्या गाडीत बसणाऱ्या माणसावर दिसत नाही. संस्था हिशोब मागत असतील तर त्यांनी “किती डोस पाठवले” याच्या जोडीला “टोचायला कोण गेलं” हे पण विचारावं.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक:
हे मात्र शंभर टक्के बरोबर. यावर एक सांगतो. आफ्रिकेत इथिओपिया, युगांडाच्या दुष्काळी पट्ट्यात डॉक्टर पोचत नव्हते. तिथे बुळकांडीची महिनाभर फ्रीजशिवाय टिकणारी लस आणली आणि गुराख्यांच्याच पोरांना टोचायला शिकवलं. ती लस संशोधकांनी काढली, पैसा बाहेरचा, पण हात गावचा. रोगाचे शेवटचे अड्डे तसेच मोडले.

दादा, तुमच्या गोठ्यात आता किती जनावरं आहेत? बिल्ल्याचे फोटो काढून ठेवा. त्या नंबरवर लाळ्या-खुरकूतच्या किती फेऱ्यांची नोंद पडलीये आणि प्रत्यक्षात किती वेळा सुई लागली हे जुळवून बघू, मग ग्रामसभेत कागद घेऊनच बोला.

गोठेवाला_निफाड:
चार आहेत, एक कालवड. एकीचा बिल्ला गव्हाणीत अडकून तुटलाय, तिचा नंबर सापडत नाहीये. बाकी तिघींचे रात्री धारा झाल्या की पाठवतो.