नवा संगणक, जुन्या डिस्क: विंडोज नव्याने टाकावी की आहे तीच चालवावी?

अक्षरजुळणी:
नमस्कार मंडळी. मी सांगलीत डीटीपीचे (संगणकावर पाने जुळवण्याचे) काम करतो. नुकताच नवा संगणक जोडला: आय५-१२४०० प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. डिस्क मात्र जुन्याच वापरायच्या आहेत. ५०० जीबीच्या साटा एसएसडीवर विंडोज १० आहे (दुकानदाराने सी आणि डी असे भाग पाडून दिले होते) आणि २ टीबीच्या हार्ड डिस्कवर कामांचा साठा आहे. दोन्ही डिस्क बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) दिसतात, परंतु बूटच्या यादीत एसएसडी येतच नाही, म्हणून विंडोज सुरू होत नाही. पेजमेकर ७ (पाने जुळवायचे सॉफ्टवेअर), श्रीलिपीचे मराठी फॉन्ट आणि टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) यांच्याशिवाय माझे काम चालत नाही, आणि दिवाळी अंकाची जुळणी सुरू झाली आहे. विंडोजचा परवाना खोक्यातला, स्वतंत्र विकत घेतलेला आहे. जुना संगणक अजून चालतो. तो पुतणीला द्यायचा आहे. आणखी खर्च ३,००० रुपयांच्या पुढे नेता येणार नाही. काय करावे?

घाटमाथा:
जुन्या एसएसडीच्या मागे लागू नका. मी गेल्या वर्षी १ टीबीची एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) घेतली, तिच्यावर विंडोज ११ टाकली आणि संगणक इतक्या लवकर सुरू होतो की घरातले सगळे पाहत राहिले. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण एकदाच चांगली वस्तू घ्यावी. सोबत यूपीएसही घ्याच.

मिंटची_पाने:
विंडोज १० चा आधार (मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवा संगणक जोडून त्यावर आधार संपलेली प्रणाली चालवणे मला पटत नाही. लिनक्स मिंट टाका. परवाना लागत नाही आणि जुन्या यंत्रावरही ती उत्तम चालते. माझ्या घरी सगळे संगणक तिच्यावरच आहेत.

घाटमाथा:
त्यांनी पेजमेकर आणि टॅली असे स्पष्ट लिहिले आहे. मिंटवर ती दोन्ही वाइनच्या (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या साधनाच्या) आधाराने ओढूनताणून चालवण्यात दिवाळी निघून जाईल.

कोरा_कागद:
आधी दुखणे काय आहे ते पाहू. तुमच्या जुन्या विंडोजच्या डिस्कची मांडणी बहुधा एमबीआर या जुन्या प्रकारची आहे आणि ती जुन्या लेगसी पद्धतीने बूट होत होती. नवे बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट करते, आणि तिला जीपीटी प्रकारची मांडणी लागते. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) सुरू करून पाहावे असे कोणी सुचवेल, परंतु इंटेलच्या ५०० मालिकेपासून पुढच्या बोर्डांवर (तुमचे एच६१० त्यांतलेच) प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससोबत सीएसएम चालत नाही, त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते, आणि ते तुमच्याकडे नाही. म्हणून डिस्क दिसते, पण बूटच्या यादीत येत नाही. एसएसडी बिघडलेली नाही.

विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचे साधन आहे. ते विदा (डेटा) न पुसता मांडणी एमबीआरची जीपीटी करते. मात्र डिस्कवर एक्सटेंडेड विभाग (इतर भाग पोटात घेणारा) आणि त्यातला लॉजिकल ड्राइव्ह (त्या पोटातला भाग) असेल तर ते नकार देते, आणि दुकानदाराने पाडलेला डी अनेकदा नेमका तसाच असतो. म्हणून एसएसडी जुन्या संगणकात परत लावा, डी वरचे सगळे हार्ड डिस्कवर आणि शिवाय आणखी एका जागी उतरवून घ्या, आणि मग डिस्क मॅनेजमेंटमधून डी काढून टाका. तो काढल्यावर हिरव्या चौकटीत ‘मोकळी जागा’ उरते; तोच एक्सटेंडेड विभाग असतो आणि तो पुन्हा एकदा वेगळा काढावा लागतो. त्यानंतर आधी एमबीआर२जीपीटीने फक्त व्हॅलिडेट (रूपांतर होऊ शकते का याची तपासणी) करून पाहा. प्रत्यक्ष रूपांतर नव्या संगणकावर, विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून, शिफ्ट आणि एफ१० दाबल्यावर उघडणाऱ्या काळ्या खिडकीतून करा. त्या वेळी हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे डिस्कच्या क्रमांकाचा घोळ होऊन भलत्याच डिस्कला हात लागणार नाही.

जुना संगणक चालू आहे तोवर टॅलीचा परवानाही तिथूनच सरेंडर करा (सोडवून घ्या, म्हणजे तो नव्या संगणकावर सुरू करता येईल). पुढे विंडोज नव्याने टाकायची असेल, तर फॉन्टचा फोल्डर आधी उतरवून घ्या. विंडोज बदलली की श्रीलिपीचे फॉन्ट जातात आणि जुन्या फायलींत नुसत्या खुणा दिसतात.

एवढे करून माझे मत विचाराल, तर विंडोज ११ स्वच्छ, म्हणजे जुनी पुसून नव्याने, टाकावी.

तांबडी_माती:
हार्ड डिस्कची केबल काढण्याबद्दल कोरा_कागद यांनी सांगितले तेच मीही सांगतो, कारण माझे नुकसान त्याच कारणाने झाले. दुकानात विंडोज टाकून घेताना माझ्या जुन्या डिस्क जोडलेल्याच ठेवल्या. विंडोज नव्या एसएसडीवर गेली, पण बूटचा लहानसा विभाग जुन्या डिस्कवर तयार झाला. पुढे ती डिस्क काढली आणि संगणक सुरू होईना. दुकानदाराने त्याचेही पैसे पुन्हा घेतले.

युनिकोडवाला:
मूळ रोग जुन्या फॉन्टचा आहे. सगळे युनिकोडमध्ये (कुठेही सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) आणा. इनडिझाइन या पाने जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडतात, पुढच्या उघडत नाहीत. आज टाळले तर पुढे त्या फायली कोणालाच उघडता येणार नाहीत.

कोरा_कागद:
तुमचे म्हणणे खरे आहे, परंतु जुळणी सुरू असताना फॉन्ट बदलला की जोडाक्षरे आणि ओळी सरकतात, आणि प्रत्येक पान पुन्हा वाचावे लागते. ते काम अंक छापून झाल्यावर करावे.

नदीकाठ:
हार्ड डिस्क जुनी आहे, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या साधनात ०५ आणि सी५ (खराब झालेल्या आणि संशयित जागा) हे आकडे पाहा. ते शून्याच्या वर असतील तर आधी प्रत काढा, विंडोजचे नंतर पाहा. फक्त सी७ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असेल, तर बहुतेक वेळा साटा केबल बदलून भागते. बाकी घाटमाथा म्हणतात तशी नवी एनव्हीएमई घेणे उत्तम. मीही घेतली आहे.

मिंटची_पाने:
विंडोज ११ टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलात, तर २४एच२ आवृत्तीपासून डिस्क आपोआप कूटबद्ध होऊ शकते. तिची ४८ अंकी चावी कागदावर लिहून ठेवा.

अक्षरजुळणी:
सर्वांचे आभार. जुन्या संगणकात पाहिले तर डी खरोखरच लॉजिकल निघाला. त्यातले सगळे दोन ठिकाणी उतरवले, तो आणि मागे उरलेली मोकळी जागा काढून टाकली, आणि व्हॅलिडेट निर्विघ्न पार पडले. टॅलीही सरेंडर केली. हार्ड डिस्कवर ०५ आणि सी५ शून्य आहेत. सी७ वर आकडा होता, म्हणून केबल बदलली. रूपांतर केल्यावर नवा संगणक जुन्याच विंडोज १० वर सुरू झाला आणि पेजमेकरमध्ये मागच्या अंकाची पाने जशीच्या तशी उघडली.

विंडोज ११ टाकावी असे तुमच्यापैकी काहींनी सांगितले, तरी अंक छापखान्यात जाईपर्यंत मी ती टाकणार नाही. विंडोज १० चा आधार संपलेला आहे, म्हणून टॅली आणि विंडोजचा परवाना सुरू करून झाल्यावर नेटची तार काढून ठेवली आहे. मेल आणि ग्राहकांच्या फायली फोनवर घेतो, आणि पेनड्राइव्ह तपासूनच लावतो. नवी डिस्क मी माझ्यासाठी घेणार नाही. ठेवलेल्या ३,००० मधून पुतणीच्या संगणकाला लहान एसएसडी बसवतो आणि तिच्यावर मिंट टाकतो. मिंटची_पाने, तिला मराठी इनस्क्रिप्ट कळफलक हवा आहे. तो मिंटमध्ये कुठून सुरू करायचा ते कृपया सांगा.