तिसऱ्या मॅचला कंबर धरते, सोपे बॉलही जात नाहीत. पूल स्पर्धेची तयारी कशी करावी?

दादरचा_कुशन:
अंधेरीत तीन आठवड्यांनी नाईन-बॉल (पूलचा नऊ बॉलचा प्रकार) स्पर्धा आहे. सात रॅक (डाव) आधी घेईल तो पुढे. रविवारी सकाळी दहाला सुरू, पुढे जात राहिलो तर रात्र होणार. मूळ सवय स्नूकरची. पहिल्या दोन मॅच बऱ्या जातात, तिसरीत कंबर धरते आणि समोरचे बॉल चुकतात. सरावाला रोज दीड तासच मिळतो.

खडूवाला:
कंबर धरण्याचं कारण बहुधा टेबलाच्या उंचीत आहे. स्नूकरचं टेबल साडेतेहेतीस ते साडेचौतीस इंच, पूलचं सव्वाएकोणतीस ते एकतीस. म्हणजे तीन-चार इंच जास्त वाकताय, तेही स्नूकरच्याच पवित्र्यात. पाय थोडे जास्त फाकवा, पुढचा गुडघा सैल सोडा. हनुवटी क्यूला (खेळायच्या काठीला) टेकवायचा हट्ट पूलला नको, दोन-चार इंच वर राहिली तरी पॉट जातो.

दुसरं म्हणजे दोन मॅचच्या मधे प्लास्टिकच्या खुर्चीत तासभर मोबाइल बघत बसणं. मांडीचे मागचे स्नायू आखडतात आणि पुन्हा वाकलं की सगळा ताण कमरेवर. दर वीस मिनिटांनी उठा, टाच पायरीवर ठेवून प्रत्येक पाय ३० सेकंद ताणा. घरी एक दिवसाआड प्लँक, ३० सेकंदांचे तीन. स्पर्धेच्या आदल्या दिवशी व्यायाम नको.

माटुंगा_ब्रेक:
डोक्यासाठी ‘घोस्ट’ म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी खेळा. ब्रेक करा (पहिला फटका मारून बॉल फोडा), पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवा, एकपासून नऊपर्यंत क्रमाने काढा. एकही बॉल चुकला की रॅक घोस्टचा. नऊ बॉलनी दर वेळी हरत असाल तर सहा बॉलनी सुरू करा.

शॉटचा निर्णय उभ्यानेच घ्यायचा: कुठला बॉल, पांढरा कुठे थांबवायचा, किती साइड (बाजूची फिरकी). खाली वाकल्यावर शंका आली तर उठा. वाकलेल्या अवस्थेत बेत बदलला की कोपर आडवं जातं, आणि तुमचे ‘सोपे’ बॉल इथेच चुकत असणार. शॉट क्लॉक (प्रत्येक शॉटला वेळेची मर्यादा) आहे का, तेही आयोजकांना आधीच विचारा. ३० सेकंदांची सवय एका दिवसात लागत नाही.

खडूवाला:
घोस्ट रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. बाकी दिवस सेफ्टी (समोरच्याला अवघड जाईल असा पांढरा ठेवणं) आणि ब्रेक. लागोपाठ तीन फाउल झाले की रॅक जातो, हे स्नूकरवाले विसरतात.

ओला_कपडा:
सामानाचं कोणीच बोललं नाही. क्यूच्या टोकाची टिप बदलायची असेल तर आजच बदला. नवी चामड्याची टिप मार खाऊन दबते, कडेने फुगते, मग घासून आकार द्यावा लागतो. गोलावा एक रुपयाच्या नव्या नाण्याच्या कडेइतका ठेवा.

दमट हवेत कापड जड होतं, पांढरा अंदाजाआधी थांबतो. एसी लावलेल्या हॉलमध्ये पुन्हा वेगळं. म्हणून मॅचआधीच्या सरावाच्या पाच मिनिटांत पॉट मारत बसू नका. पांढरा समोरच्या कुशनला लावून परत आणा, चार-पाच वेळा, तेवढ्यात वेग कळतो. घामाने क्यू चिकटत असेल तर ग्लव्ह घाला किंवा ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा करा. पावडर नको, टेबल खराब होतं.

दादरचा_कुशन:
उंचीचं लक्षातच आलं नव्हतं. आणि खायचं काय?

ओला_कपडा:
सकाळी पोहे किंवा इडली, मधे केळं, पाणी घोट घोट. रोज दोन कटिंग घेत असाल तर त्या दिवशीही दोनच. आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारी रात्रीच बघून ठेवा.