शांती करणारे की गप्प बसणारे?

तिसरा बाक:
काल इथे एकाने लिहिलं, ‘शांती करणारा म्हणजे वाद न वाढवणारा. चूक कोणाची ते उकरू नये, पडतं घ्यावं.’ खाली पंचवीस जणांचं आमेन! बायबलात मत्तय ५:९ मध्ये येशू म्हणतो, ‘शांती करणारे ते धन्य, कारण त्यांना देवाचे पुत्र म्हणतील.’ ‘करणारे’ आहे हो, ‘बसणारे’ नाही. प्रभूने रीतही सांगितली आहे, मत्तय १८ मध्ये: आधी एकट्याने जाऊन अपराध दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला, म्हणजे चर्चला, सांग. यात पडतं कुठे घेतलंय? माझ्या बहिणीला नवरा मारायचा. पाळकांनी तिला हेच धन्यवचन ऐकवलं. आठ वर्षं त्या घरात ‘शांती’ होती. शेजारी आवाजसुद्धा जात नव्हता.

साधा विश्वासू:
ते मीच लिहिलं. बहिणीचं वाचून वाईट वाटलं, पण मी मारहाणीबद्दल बोलतच नव्हतो. मंडळीतल्या मानापमानाबद्दल बोलत होतो. रोम १२:१८ पाहा, आपल्याकडून होईल तितकं सर्वांबरोबर शांतीने राहा. ‘मला तुझ्या शांतीचं साधन कर’ अशी प्रार्थना लिहिणारा संत फ्रान्सिस लोकांच्या चुका काढत फिरला नाही.

पोथीकिडा:
ती प्रार्थना फ्रान्सिसची नाही. १९१२ साली एका फ्रेंच मासिकात पहिल्यांदा आली, तीही निनावी. फ्रान्सिस वारला १२२६ मध्ये.

साधा विश्वासू:
आले पंडित! म्हणजे आता प्रार्थना खोटी?

पोथीकिडा:
नाव खोटं. खऱ्या फ्रान्सिसने केलं ते सांगा की. १२१९, पाचवं क्रूसयुद्ध, इजिप्तमधल्या दमिएत्ताला ख्रिस्ती सैन्याचा वेढा पडलेला, आणि हा निःशस्त्र माणूस थेट तिथल्या मुस्लिम सुलतान अल-कामिलसमोर.

खारट मीठ:
गेला सुलतानाला ख्रिस्ती करायला. युद्ध थांबलं का? दमिएत्ता त्याच वर्षी पडलं.

पोथीकिडा:
नाही थांबलं, मान्य. पण यश आलं तरच ‘देवाचा पुत्र’ म्हणायचं, असं कुठल्या प्रतीत लिहिलंय? त्या हिशेबाने क्रूसावरचा शुक्रवारही फुकट गेला म्हणा.

खारट मीठ:
क्रूस मध्ये आणून तोंड बंद करू नका. ही तुमची नेहमीची खोड आहे.

तिसरा बाक:
अहो, फ्रान्सिसला सोडा! पौलाचं गलतीकरांस पत्र, अध्याय २ काढा. अंत्युखियात प्रेषित पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसायचा, याकोबाकडची यहुदी माणसं आली तसा त्यांच्या भीतीने उठून वेगळा झाला. पौलाने सर्वांदेखत तोंडावर सुनावलं. पडतं घेतलं असतं तर पंगती दोनच राहिल्या असत्या.

खारट मीठ:
पौलाचं ठीक. आमच्या मंडळीत दानपेटीच्या हिशेबावरून दोन तट पडले, त्यात ‘सत्य, सत्य’ म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारा मी होतो. हिशेब माझाच बरोबर निघाला. आज निम्मी बाकं रिकामी आहेत. याकोबाच्या पत्राचा अध्याय ३ म्हणतो, वरून येणारं ज्ञान प्रथम शुद्ध, मग शांतिप्रिय. मी ‘शुद्ध’वरच अडकलो. आणि एकट्याने जाऊन भेटण्याची पायरी? थेट सभेत उभा राहिलो.

साधा विश्वासू:
मी हेच सांगत होतो!

तिसरा बाक:
नव्हता. तुम्ही चूक उकरूच नका म्हणालात. ते म्हणतायत, उकरायची रीत चुकली.

साधा विश्वासू:
बरं, ‘पडतं घ्यावं’ मागे घेतो. खूश? तो पंचवीस आमेनचा टोमणा मात्र गरजेचा नव्हता.

तिसरा बाक:
सव्वीस होते. एक माझ्या त्या भाऊजींचा.