मदत हवी आहे: मांडे करायला 'नाही' कसं म्हणू?

ताई-दादांनो, मी अमळनेरची. खापरावरचे मांडे (उपड्या मातीच्या भांड्यावर भाजायच्या मोठ्या पुरणपोळ्या) बरे जमतात म्हणून आखाजी (अक्षय्य तृतीया) असो नायतर कोणाचं लग्न, बोलावणं मलाच, पैशाचं तर कोणी नावच काढत नाही. धुरात बसून कोपरापर्यंत येईल एवढा मांडा हातावर वाढवायचा, दुसऱ्या दिवशी खांदे उचलत नाहीत. मला आता संध्याकाळी टॅलीचा (कॉम्प्युटरवर हिशोब ठेवायचा) क्लास लावायचाय, पण फोन आला की तोंडातून 'हो' निघूनच जातं. चुलत सासूबाईंना नाही म्हटलं तर लगेच 'भलती शिकली बाई' सुरू. (स्वतःच्या सुनेला मात्र खापराजवळ जाऊ देत नाहीत!) नातं न तुटता फोनवर नेमकं काय बोलायचं, वाक्यच सांगा ना. आणि दोन वार मोकळे ठेवले तर लोक ऐकतात का?