वहिनी गरोदर आहे आणि ऊसतोडीला चाललीय, तिकडं आहार-तपासणीचं काय?

शिरूरकर_०७:
नमस्कार मंडळी, आम्ही बीड जिल्ह्यातले, शिरूर कासार तालुका. भाऊ-वहिनीचा कोयता (ऊसतोड करणारी नवरा-बायकोची जोडी) यंदा सांगली साईडला चाललाय, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन झालेत त्यामुळं आता मागं फिरता येत नाही. वहिनीला पाचवा महिना, पहिलंच बाळंतपण, म्हणजे पट्टा पडायच्या, कारखान्याचा हंगाम संपायच्या आधीच दिवस भरणार. इथल्या अंगणवाडीत नाव आहे, तपासणी एकदा झालीय, कार्ड मिळालंय, पण मातृवंदनाचा (गरोदर बाईला पैसे मिळतात त्या सरकारी योजनेचा) फॉर्म राहिलाय. गेल्या साली आमच्याच टोळीतल्या एका बाईला तिकडं "तुमचं नाव इथं नाही" म्हणून परत लावलं होतं, म्हणून काळजी वाटतेय. तिकडं आहार, लस, तपासणी मिळते का? सोबत काय न्यायचं?

वाळव्याची_सेविका:
भाऊ, नाव नाही म्हणून परत पाठवणं चूकच. बाई जिथं राहते तिथं तिला आहार आणि लस मिळाली पाहिजे, गावचा पत्ता आड येत नाही. निघायच्या आधी तुमच्या सेविकेला स्पष्ट सांगा की आम्ही स्थलांतर करतोय, म्हणजे ती तशी नोंद करेल आणि इकडच्या सेविकेला वहिनी सापडेल. आमच्या हद्दीत दरवर्षी ऊसतोड्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या पडतात, मी आणि आशा चक्कर मारतो, पण टोळी पहाटे अंधारातच फडात जाते आणि आम्ही दुपारी गेलो की कोपीवर फक्त लेकरं असतात, त्यांना सांभाळायला आठ-नऊ वर्षांची एखादी बहीण, गरोदर बाई काही भेटत नाही. म्हणून तुम्हीच पोचल्या पोचल्या ज्या गावच्या हद्दीत उतराल तिथल्या अंगणवाडीत वहिनीला घेऊन जा. आधार कार्ड आणि माता-बाल कार्ड ओरिजिनल न्या. आणि हो, आता आहार देताना ॲपवर चेहरा जुळवतात, त्याच्या केवायसीला ओटीपी लागतो, तेव्हा आधारला जो नंबर जोडलाय तो मोबाईल तिच्यासोबतच हवा, गावी सासूकडं ठेवून नका येऊ.

गटप्रवर्तक_ताई:
मातृवंदनाचा फॉर्म जायच्या आधी भराच. पहिल्या बाळाला ५००० मिळतात, त्यातले ३००० नोंदणी आणि एका तपासणीवर, आणि ही नोंदणी-तपासणी शेवटच्या पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत लागते, तुमच्याकडं आता थोडेच दिवस आहेत. अन्नसुरक्षेचं रेशन कार्ड किंवा ई-श्रम कार्ड चालतं. उरलेले २००० बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. इथंच लोकांचे पैसे अडकतात बघा, कारण बाळ सांगलीत झालं तर जन्माची नोंद तिथंच होते, शिरूरला नाही. २१ दिवसांच्या आत नोंद करून दाखला हातात घेऊनच गावी परता, नंतर तेवढ्यासाठी परत जायला कुणाला परवडतं?

रानवारा:
राग मानू नका पण पोटुशी बाईला मोळ्या उचलायला नेताच कशाला? माहेरी ठेवा की.

शिरूरकर_०७:
दादा आम्हाला पण कळतंय. उचल जोडीवर असते, ती थांबली तर अर्धा कोयता, मग भाऊ एकटा किती तोडणार आणि फेडणार कधी. आई सोबत चाललीय, वहिनीच्या वाट्याचं जड उचलायचं काम ती करेल.

गटप्रवर्तक_ताई:
आई जातेय हे फार बरं झालं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणं वहिनीला आजपासूनच बंद करा, आठवा लागल्यावर फडातच नको. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तो एक दिवस मुकादमाला आधीच सांगून ठेवा. तिथं रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तर नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. लोहाच्या गोळ्या रोज, पण चहासोबत नको. तोंडावर सूज, डोकं ठणकणं, डोळ्यापुढं अंधारी, रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. बाळंतपणाला न्यायला-आणायला १०२ ची गाडी फुकट असते, सरकारी दवाखान्यात सिझर झालं तरी पैसे लागत नाहीत. फडाला पत्ता नसतो म्हणून जवळचं मंदिर, शाळा, कुणाची वस्ती असं काहीतरी आईला पाठ करून द्या, रात्री गाडीवाल्याला तेच सांगावं लागतं.

माळरान:
एक राहिलं, मातृवंदनाचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. माझ्या बहिणीचे एका जुन्या बंद पडल्यासारख्या खात्यात गेले होते आणि आम्ही दुसरंच पासबुक भरून आणत होतो. वहिनीचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आधी बघा. खातंच नसेल तर पोस्टमनकडून पोस्टाच्या बँकेचं उघडा, घरी येऊन अंगठा घेऊन जातो.

शिरूरकर_०७:
सगळ्यांचे आभार. फॉर्मसाठी उद्याच सेविकाताईंकडं जातो. वाळव्याच्या ताई, आमचा फड तुमच्या तालुक्यात नसला तरी असंच सांगायचं ना?

वाळव्याची_सेविका:
हो, कुठल्याही गावात हेच. कुणी नाही म्हणालंच तर तिथल्या पर्यवेक्षिकेचा नंबर मागा, लगेच काम होतं.